दुधातला कुस्करा

सोलापुरात इरण्णा हत्तुरे जेवले की पुण्यात घंटी वाजायची.

घंटी म्हणजे काही देवळातली नव्हे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, राजेश्वरीच्या फोनवर टिणकन बारीकसा आवाज व्हायचा आणि पडद्यावर एक आकडा उमटायचा. अप्पांनी आज किती जोरानं चावलं, त्याचा आकडा. चांगला असला तर हिरवा, वाईट असला तर लाल. हिरवा दिसला की राजेश्वरी ऑफिसातल्या खुर्चीतून उठून फोन लावायची आणि "शाब्बास अप्पा" म्हणायची. लाल दिसला तरी फोन यायचाच, पण तो नीलव्वाला, म्हणजे तिच्या आईला यायचा, आणि त्यात शाब्बास नसायचं.

ही सगळी करामत इरण्णांच्या कवळीची. ती बसवणाऱ्या आरोग्य केंद्राच्या कागदांवर तिचं नाव हातभर लांब होतं, पण गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तिचं बारसं केव्हाच उरकलं होतं. ते तिला चुगलखोर म्हणायचे. सुनेची चहाडी करायला शेजारीण लागते आणि सासऱ्याची करायला आता त्याचेच दात पुरतात, असं एक जण म्हणाला होता, आणि दातांचा विषय असूनही सगळे बोळकी उघडून हसले होते.

कवळी बसवली त्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टर कल्पना येमूल यांनी नवराबायकोला समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. म्हातारपणी अंगावरचं मांस उतरतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण पुष्कळदा त्याची सुरुवात तोंडापासून होते, तिकडे कुणी बघत नाही. दात गेले की माणूस मऊ खायला लागतो. ताटातून शेंगा, उसळी, डाळी हळूहळू कमी होतात, म्हणजे ज्यातून मांस बनायचं तेच कमी पडतं. मग दंड आणि पोटऱ्या वाळतात. त्यांच्याबरोबर जबडा वाळतो, जीभ वाळते, आणि गिळताना श्वासनळीचं दार लावून घेणारे घशातले बारीक स्नायूही वाळतात. दार नीट लागलं नाही की ठसका लागतो. ठसक्याच्या धास्तीनं माणूस आणखी मऊ खातो, आणखी थोडं खातो, आणि आणखी वाळतो.

त्यावर आता औषध निघालं होतं. स्नायू वाढायला लागले की शरीर स्वतःच त्यांना "आता पुरे" असा निरोप धाडत असतं. महिन्याला घ्यायचं एक इंजेक्शन तो निरोप वाटेतच अडवायचं. मात्र त्यात एक मेख होती. जो स्नायू राबेल त्यालाच ते औषध लागू पडायचं. म्हणून ही कवळी. तिच्या गुलाबी हिरडीच्या आत कागदाहून पातळ पापुद्रा होता, तो दाताखालचा दाब मोजायचा. कवळी तोंडात आहे की पेल्यात, हे तिला उबेवरून कळायचं. आकडा चांगला आला तर इंजेक्शन कमी करायचं, कारण जास्त झालं तर ते हृदयावर बेतायचं. आकडा वाईट आला तर इंजेक्शन वाढवायचं, घशाची तपासणी करायची आणि माणसाला महिनाभर केंद्रात ठेवून त्याच्याकडून जिभेचे नि जबड्याचे व्यायाम करून घ्यायचे.

"म्हणजे चावणं हाच तुमचा व्यायाम, आणि तुमच्या घरी तर कडक भाकरी," डॉक्टर हसून म्हणाल्या होत्या.

ते खरंच होतं. नीलव्वानं उभा जन्म कडक भाकरीवर काढला होता. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर दाबून दाबून पापडासारखी वाळवायची आणि गठ्ठे बांधून दुकानांत पोचवायची. तिचे तळवे या वयातही घट्ट होते आणि दातही शाबूत होते. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक म्हणतात. हत्तुऱ्यांच्या घरी दोन्ही होतं, फक्त दात बायकोच्या तोंडात होते.

इरण्णा ऐन उमेदीत असताना सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचे. ती उंच, जड काठी कमरेशी तोलून धरून गर्दीतून चालायचं म्हणजे खायचं काम नव्हे. पांढरी बाराबंदी घातलेला तो गडी पाहायला नीलव्वा लग्नाआधी मैत्रिणींच्या आड उभी राहायची. त्याच माणसाला मागे एकदा लाल आकड्यामुळे केंद्रात भरती केल्यावर एका पोरसवदा सेविकेनं गळ्याला फडकं बांधून, सगळ्यांच्या देखत "चावा आजोबा, चावा" म्हणून घास भरवले होते. घरी आल्यावर ते कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग एकदा भिंतीकडे बघत म्हणाले, "नीला, मला तिथं परत धाडू नको."

तिनं कबूल केलं. मोठ्या तोऱ्यात कबूल केलं, जणू सगळं तिच्याच हाती होतं.

श्रावणात कवळीची एक कड इरण्णांना बोचायला लागली. हिरडी लाल झाली. घास तोंडात घेतला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाणी बघून नीलव्वा स्वतःचं ताट बाजूला सारायची. एका दुपारी तिनं ती कवळी त्यांच्या तोंडातून काढून घेतली आणि कोमट पाण्यात धुतली. कोणता दात वाकडा बसतोय ते बघावं म्हणून वरच्या नि खालच्या दातांमध्ये कडक भाकरीचा तुकडा ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबला. भाकरी कुडकन मोडली. तिनं दुसरा तुकडा ठेवला, मग तिसरा. दात तर कुठंच वाकडा दिसेना.

तेवढ्यात फोन वाजला. "अप्पा, आज कमाल केली तुम्ही," राजेश्वरी म्हणाली. "असा आकडा वर्षात आला नव्हता."

इरण्णांचं तोंड त्या वेळी रिकामं होतं. समोर दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी होती. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग बायकोच्या हातातल्या कवळीकडे, आणि ते बोळकं उघडून हसले. कित्येक महिन्यांनी हसले. फोन ठेवल्यावर लहान पोरानं खाऊ मागावा तसं म्हणाले, "नीला, उद्या पण तूच चाव."

आणि तिनं चावलं. खरं सांगायचं तर त्या माउलीला त्यात पाप वाटलंच नाही. हिरडी बरी होईस्तोवर, एवढंच तिच्या मनात होतं. रोज दुपारी ती पातेल्यात पाणी कोमट करायची, कवळी त्यात बुडवायची आणि ओट्यापाशी उभी राहून तिला भाकरी चारायची. आत इरण्णा वाटीतला कुस्करा खायचे. ताजी भाकरी, दूध, गुळाचा खडा, वर वेलचीची पूड. घास जिभेवर ठेवला की विरघळायचा. आजारी लेकराला, दात न आलेल्या बाळाला आणि दात गेलेल्या म्हाताऱ्याला हेच द्यायचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईनं. माया करायची तर कुस्करून करायची, याहून वेगळी रीत तिला कुणी दाखवलीच नव्हती.

हिरडी बरी झाली, पण कवळी तोंडात परत गेली ती फक्त पाहुणे आल्यावर. गणपती झाले, दसरा झाला. डॉक्टर येमूल आकडे बघून हरखून गेल्या. इतरांचा जोर जेवणाच्या शेवटी उतरतो, इरण्णांच्या शेवटच्या घासाला पहिल्याइतकाच जोर असतो, असं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. नीलव्वानं मान खाली घातली. डॉक्टरांनी इंजेक्शन निम्म्यावर आणलं, दिवाळीनंतर बंदच केलं आणि घशाची तपासणी पुढे ढकलली, म्हणून केंद्रात जाणंही थांबलं. इतकंच नाही, तर केंद्रातल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांनाही हत्तुऱ्यांचा दाखला द्यायला सुरुवात केली. भाकरी खा, औषध कमी लागेल, म्हणून.

इकडे इरण्णा वाळत चालले. आधी तांब्या उचलेना, मग पायरी चढवेना. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायचा. राजेश्वरीला फोनवर फक्त चेहरा दिसायचा, तोही शालीत गुंडाळलेला. दुधाचासुद्धा ठसका लागायला लागला तेव्हा नीलव्वाला काय होतंय ते कळलं. ती अडाणी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेलं ते श्वासनळीचं दार तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

त्या संध्याकाळी तिनं विषय काढला. उद्या केंद्रात जाऊन सगळं सांगून टाकू, चार शिव्या खाऊ, पण इंजेक्शन परत सुरू होईल, असं ती म्हणाली. इरण्णांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाले की सांगितलं तर भरती करतील, महिना-दीड महिना सोडणार नाहीत, आणि संक्रांत तर तोंडावर आलीय. राजी येणार आहे. नंदीध्वज गल्लीच्या तोंडाशी येतील तेव्हा त्यांना लेकीसमोर स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं.

"संक्रांत होऊ दे," ते म्हणाले. "मग तू सांगशील ते."

नीलव्वानं ऐकलं. नवऱ्याचं ऐकायची सवय लागलेली बाई नको तिथंही ऐकते, त्याला काय करणार.

संक्रांतीला राजेश्वरी आली. दारातच बापाला बघून तिचा चेहरा उतरला. हे असे का झाले, म्हणून तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं, पण आईनं काही बोलायच्या आत स्वतःच स्वतःची समजूत घातली. वय झालं, वजन उतरायचंच, आकडे तर चांगले आहेत. आकड्यावर तिचा भारी विश्वास होता. दूर राहणाऱ्या लेकीला दुसरं काय असतं विश्वास ठेवायला.

ताटं वाढली. इरण्णांनी कवळी घातली होती. नीलव्वानं त्यांच्यापुढे मऊ खिचडी ठेवली, तर राजेश्वरीनं ती बाजूला सारली. गठ्ठ्यातली एक कडक भाकरी काढून तिनं मोडली, तिच्यावर शेंगांची चटणी आणि दही घातलं आणि बापाच्या हातात दिली.

"अप्पा, रोज फोनवरच बघते. आज माझ्यासमोर खावा."

नीलव्वा उठून उभी राहिली. "राजी, थांब," एवढे शब्द तिच्या तोंडून निघालेसुद्धा. पण इरण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. आता सांगितलं तर लेकीसमोर बायको खोटी ठरणार होती, आणि ते त्यांना मंजूर नव्हतं. आयुष्यभर जड काठी पेललेला माणूस तो. त्यानं तो तुकडा तोंडात टाकला.

जबडा हलायला लागला. कानशिलापाशी कातडी नुसतीच थरथरत होती, भाकरी मोडत नव्हती. राजेश्वरीचा फोन टिणकन वाजला. तिनं पाहिलं, तर आकडा लाल होता, अगदी तळाशी गेलेला. तिनं फोन तळहातावर झटकला. "यंत्र बिघडलंय वाटतं," ती हसत म्हणाली.

कित्येक महिन्यांत ते यंत्र पहिल्यांदा खरं बोललं होतं. इरण्णांनी तिचं बोलणं ऐकलं, आणखी जोर लावला, आणि अर्धवट चावलेला घास तसाच गिळला. ठसका लागला. डोळे पांढरे झाले, लेक पाठ चोळत राहिली, बायको पाणी घेऊन धावली. थोड्या वेळानं ते शांत झाले आणि हातानंच सांगितलं, काही नाही, ठीक आहे.

दुपारी नंदीध्वज आले. दोघींनी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत चाकांच्या खुर्चीवरून नेलं होतं. पांढरे बाराबंदीवाले दिसायला लागले तसे इरण्णा लेकीच्या खांद्याला धरून उठले आणि उभे राहिले. पाय लटपटत होते, पण शेवटची काठी जाईपर्यंत ते बसले नाहीत. मग बसले, आणि नीलव्वानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला तेव्हा कपाळ तापलेलं लागलं.

घास श्वासनळीत उतरला होता. त्याचा न्यूमोनिया झाला, आणि खोकून बाहेर टाकायची ताकद छातीत उरली नव्हती. आठवडाभरात सगळं संपलं.

माती देऊन आल्यावर राजेश्वरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. भाकरी मीच दिली हातात. यंत्र ओरडून सांगत होतं की आज यांच्यात ताकद नाही, आणि मी फोन झटकत बसले. डॉक्टर येमूल भेटायला आल्या, त्यांनाही काही उमजत नव्हतं. इतका चांगला जबडा एका दिवसात कसा ढासळला, हे त्यांनी दोन-तीनदा विचारलं. मग जाता जाता म्हणाल्या की इरण्णांच्या नोंदींवरून पुष्कळ लोकांचं इंजेक्शन कमी केलंय, निदान तेवढं पुण्य त्यांच्या पदरी आहे. नीलव्वा खांबाला टेकून बसली होती. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

सांगितलं तर लेक तुटणार होती. बाप गेलाच होता, लेकही गेली तर घरात भिंतींशिवाय कोण राहणार? म्हणून नीलव्वा गप्प राहिली आणि राजेश्वरी पुण्याला गेली. पण मग जावयाचे फोन यायला लागले. तिच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणाला. ताटावर बसते नि उठते. घरात भाकरी करू देत नाही. रोज रडते, मीच मारलं म्हणते. नीलव्वानं पोरीला फोन लावला, एकदा नव्हे, कितीदा तरी. प्रत्येक वेळी जिभेवर आलेलं परत खाली गेलं. तेच तेच बोलून, तब्येतीची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

शेवटी एका दुपारी तिनं पातेल्यात पाणी कोमट केलं. फळीवरच्या पेल्यातली कवळी काढून पाण्यात बुडवली. दातांमध्ये भाकरीचा तुकडा ठेवला आणि होतं तेवढं बळ एकवटून तिनं दाबला. भाकरी मोडली. तिनं दुसरा तुकडा ठेवला.

फोन यायला वेळ लागला नाही. राजेश्वरीच्या आवाजात भीती होती, आणि भीतीपोटी बोली थेट सोलापूरची झाली होती. "अव्वा, अप्पांचं घंटी वाजलालंय. हिरवं आलंय. कोण चावलालंय?"

"मी," नीलव्वा म्हणाली. "हातानं. श्रावणापासून."

मग नीलव्वानं सगळं सांगितलं, कड बोचली तिथपासून संक्रांतीपर्यंत, स्वतःला कुठंही वाचवलं नाही. "तुझ्या घासानं नाही गेले गं ते," शेवटी ती म्हणाली. "घास खाली उतरवायची ताकदच मी ठेवली नव्हती. माझं पाप तू डोक्यावर घेऊ नको."

राजेश्वरीनं फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी नीलव्वा केंद्रात गेली आणि डॉक्टरांनाही तेच सांगितलं. डॉक्टर येमूल आधी संतापल्या, आणि मग त्यांनी तिच्यासमोरच एकेका म्हाताऱ्याच्या घरी फोन करून त्याला घशाच्या तपासणीला बोलवायला सुरुवात केली. कवळीवर विसंबून मीही तोंडात बघायचं सोडलं होतं, असं त्या म्हणाल्या. नीलव्वाला त्यानं हलकं वाटलं नाही.

पुण्याहून फोन आला नाही. जावयानं एवढंच कळवलं की आता ती थोडं थोडं खातेय, पण तुमचं नाव काढू देत नाही. नीलव्वा म्हणाली, खातेय ना, मग झालं. आणि आत जाऊन पदर तोंडात धरून रडली. एकटीसाठी चूल पेटवायचा तिला कंटाळा यायचा. चहात बुडवून एखादी खारी खायची, नाहीतर तीही नाही.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी फोन वाजला. राजेश्वरी होती. तिनं एवढंच विचारलं, "त्यांना काय द्यायचीस?"

"दुधात कुस्करून."

"गूळ घालून?"

"हो. वेलची पण."

"मला ताप आला की द्यायचीस, तसंच."

"तसंच."

"आवडीनं खायचे?"

"वाटी पुसून खायचे," नीलव्वा म्हणाली.

"मला राग आहे तुझा," राजेश्वरी म्हणाली. "तो जायचा नाही लवकर."

"राहू दे."

"फोनवरनं अप्पांचं ते काढून टाकायला गेले, तर हात होईना. एकदा वाजव अव्वा. एकदाच."

नीलव्वानं फोन ओट्यावर ठेवला. पाणी कोमट केलं, कवळी बुडवली, डब्याच्या तळाशी राहिलेल्या भाकरीचा तुकडा दातांत धरला आणि दाबला. भाकरी मोडेना. तिनं तळवे पुसले, पुन्हा दाबलं, ओट्यावर सगळं अंग टाकून दाबलं. तुकडा तसाच राहिला. फोनमधून बारीकसा टिणकन आवाज तिला ऐकू आला.

राजेश्वरीनं या वेळी फोन झटकला नाही.

"अव्वा," ती म्हणाली, "तू जेवलालीस का नीट?"

"जेवते की."

"खोटं बोलू नको. लाल आलंय."

नीलव्वानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. कातडी सैल पडून हाडांवर लोंबत होती, आणि हे कधी झालं ते तिला कळलंच नव्हतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं येलालेय," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "पीठ काढून ठेव. आणि काही कुस्करू नको. तू माझ्यासमोर चावून खायचं."

नीलव्वानं बरं म्हटलं. कवळी पुसून पेल्यात ठेवली, आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा ज्वारीच्या पिठाचा डबा काढायला गेली. डबा एका हातानं हलला नाही. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि जपून खाली घेतला.